घरच्या माणसांची मजुरी

मी कवितेचा माणूस, बी. ए. झालो तरी हिशेबाशी कधी जमलं नाही. तरीही हरसूलला शेतकऱ्यांसाठी शेती-व्यवस्थापनाचा वर्ग भरला, तेव्हा मागे सतरंजीवर जाऊन बसलो. प्रशिक्षकांनी फळ्यावर लिहिलं, ‘नागलीचा खर्च’. एक गृहस्थ म्हणाले, “खर्च कसला? बी घरचं, माणसं घरची.”

गोम इथंच आहे. राब भाजण्यापासून आवणी, निंदणी, कापणी, मळणीपर्यंत सारं घरची माणसं करतात, म्हणून ते वहीत चढत नाही. (वही असली तर!) केंद्राचा कृषिमूल्य आयोग मात्र ते श्रम धरतो. बी-खत, बाहेरचे मजूर असा पदरचा खर्च म्हणजे ‘ए-२’. त्यात घरच्यांच्या श्रमाचं मोल मिळवलं की ‘ए-२ अधिक एफएल’. सरकारने २०१८ साली दीडपट हमीभाव जाहीर केला तो यावर. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरणारा ‘सी-२’ शेतकरी संघटना मागतात.

दाराशी बसलेली एक बाई म्हणाली, “द्राक्षाच्या बागेत रोज भेटतो. आमच्या वावरात आम्ही फुकट का?” भात-नागली आटोपली की इथली कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात, रोजाचा दर तिला तोंडपाठ होता.

“मावशी, तुमचे दिवस सांगा,” प्रशिक्षक म्हणाले. तिने बोटांवर मोजले. फळ्यावर गुणाकार झाला आणि मघाचा नफा नाहीसा झाला.

“मग नागली सोडायची?” गृहस्थांनी विचारलं. खायला तर हवीच. पण त्या आकड्याखाली व्यापाऱ्याला घालायची नाही, एवढं ठरलं. पीठ करून विकावी का, यावरचा वाद मी निघालो तरी चालूच होता.