आशा दोन तऱ्हेची

२०२१मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. भारतासह १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांपैकी ५९ टक्क्यांना हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटत होती. ही काळजी म्हणजे आजार नव्हे. संकट खरं आहे, तर ती वाटणारच. प्रश्न आहे तो तिचं पुढे काय होतं, हा.

स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ मारिया ओयाला यांनी किशोरवयीन मुलांच्या हवामानबदलाविषयीच्या आशेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना ती दोन तऱ्हेची आढळली. एक संकटच नाकारणारी: एवढं काही होत नाही! दुसरी संकट मान्य करून आपल्या आणि इतरांच्या प्रयत्नांवर भरवसा ठेवणारी. ही दुसरी आशा बाळगणारी मुलं पर्यावरणपूरक वागण्यात पुढे होती, नाकारणारी मागे. म्हणूनच 'काळजी करू नका' हा पोकळ धीर मला घातक वाटतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मांडणीत आशेला ध्येय लागतं, वाट दिसावी लागते आणि त्या वाटेने आपण जाऊ शकू ही खात्रीही लागते. अशी वाट अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने आखली. या अवर्षणप्रवण गावात पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरवतात. पिण्याचं पाणी आधी राखायचं, शेतीचं नंतर. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे मनाई आहे.