पडद्यावरचे डॉक्टर

मुलांनो, घरात कोणी आजारी पडले की आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर जीभ पाहतात, पोट दाबून पाहतात, नाडी तपासतात. उर्दूत आपण जिला नब्ज म्हणतो, तीच ही नाडी. पण डॉक्टर पन्नास किलोमीटर दूर असतील आणि रुग्णाला चालवत नसेल, तर काय करावे?

हा प्रश्न जुनाच आहे. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात वस्त्या एकमेकींपासून फार लांब असतात. तेथे 1928 साली विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण डॉक्टरांना निरोप कसा द्यायचा? आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या इंजिनिअरने पायाने पेडल मारून चालवायचा रेडिओ तयार केला. 1929 पासून हे रेडिओ वस्त्यांवर पोहोचू लागले. पुढे तेथे औषधांची पेटीही ठेवण्यात आली. पेटीतील प्रत्येक औषधाला क्रमांक असे. डॉक्टर रेडिओवर रुग्णाची हकीकत ऐकत आणि अमुक क्रमांकाचे औषध द्या, असे सांगत. औषधाचे अवघड नाव वाचायला नको! मला ही युक्ती फार आवडते.

आपल्या देशात 2000 साली आंध्र प्रदेशातील अरगोंडा या गावचे रुग्णालय उपग्रहाच्या मदतीने शहरातील तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडले गेले. 2019 मध्ये सरकारने ‘ई-संजीवनी’ ही सेवा सुरू केली. हिच्यात दोन मार्ग आहेत. गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन तेथील कर्मचाऱ्यांच्या मदतीने दूरच्या डॉक्टरांशी बोलता येते. दुसरा मार्ग घरी बसून मोबाइलवरून बोलण्याचा. तो एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत खुला झाला. फेब्रुवारी 2023 पर्यंत या सेवेतून 10 कोटींहून अधिक सल्ले दिले गेले होते.

एवढे लोक हा सल्ला घेतात, तर त्यांचे समाधान होते का? माझ्या अम्मीचेच उदाहरण सांगतो. ती खेड्यात राहते. तिला मधुमेह आहे. 2021 साली तिचा गुडघा दुखू लागला, म्हणून ती गावच्या उपकेंद्रात गेली. तेथील ताईंनी तिचा रक्तदाब मोजला, साखर तपासली आणि पडद्यावर डॉक्टरांशी गाठ घालून दिली. घरी आल्यावर मी विचारले, “कसे वाटले?” ती म्हणाली, “माणूस भला होता, पण त्याने गुडघ्याला हात कुठे लावला?” तिच्या मते हात लावल्याशिवाय तपासणी झालीच नाही. खरे तर त्या दिवशी तिचे काम चांगले झाले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर पूर्ण दिवस मोडला असता. एसटीचे भाडे लागले असते. सोबत जाणाऱ्या माझ्या भावाचा रोजही बुडाला असता.

काही महिन्यांनी तिला खोकला झाला. या वेळी तिने घरूनच मोबाइलवर सल्ला घेतला. दहा मिनिटांत काम झाले. डॉक्टर गोड बोलले. अम्मी एकदम खूश! पण त्या वेळी खोलीत शेजारपाजारच्या चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर पायाच्या बोटाला झालेल्या जखमेविषयी बोलायला तिला संकोच वाटला. शिवाय जखम दुखतही नव्हती. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, त्यामुळे जखम वाढली तरी कळत नाही. चार दिवसांनी उपकेंद्रातील ताईंनी तिची चप्पल काढायला लावली, तेव्हा बोट काळे पडू लागलेले दिसले. तिला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात नेले. बोट वाचले, पण थोडक्यात.

ज्या सल्ल्यावर अम्मी नाराज होती, तो तिच्या उपयोगी पडला. ज्याच्यावर ती खूश होती, त्यात धोक्याची गोष्ट राहून गेली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. जे दाखवले नाही, ते त्यांना कसे दिसणार? रुग्णांना समाधानाविषयी विचारले, तर बहुतेकजण वाचलेला वेळ, वाचलेले पैसे आणि डॉक्टरांचे बोलणे यांवरून उत्तर देतात. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण रोग नीट ओळखला गेला की नाही, हे रुग्णाला त्या क्षणी कळत नसते.

मार्च 2020 मध्ये दूरसल्ल्यासाठी देशात मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांनुसार डॉक्टरांनी आपली ओळख सांगावी आणि औषधाच्या चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक द्यावा. काही औषधे दूरसल्ल्यावर लिहून देण्यास मनाई आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय भागणार नाही असे वाटले, तर डॉक्टर रुग्णाला बोलावून घेऊ शकतात. रुग्णही तशी मागणी करू शकतो. लहान मुलाला सल्ला हवा असेल, तर सोबत मोठे माणूस लागते.

आता तुमच्याविषयी थोडे. दादी किंवा नानी डॉक्टरांशी बोलते, तेव्हा मोबाइल धरायला बहुधा तुम्हालाच बोलावतात ना? मग उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल असे तिला बसवा. जुन्या चिठ्ठ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या जवळ ठेवा. हकीमसाहेबांचा काढा चालू असेल, तर तोही सांगा. डॉक्टर सांगतील ते कागदावर लिहून घ्या. आवाज तुटला, तर “पुन्हा सांगा” असे म्हणायला लाजू नका. आणि खोलीत पाहुणे असतील, तर त्यांना अदबीने बाहेर बसवा. तिला एकटीने बोलायचे असेल, तर मोबाइल तिच्या हाती देऊन तुम्हीही बाहेर जा.

माझा पुतण्या नववीत आहे. हल्ली अम्मीचा दूरसल्ला असला की तो मोबाइल आधी तिच्या चेहऱ्यासमोर धरतो आणि मग न विचारताच पायांकडे नेतो. अम्मी कुरकुरते, पण चप्पल काढते.