डॉक्टरही थकतो

बैल औताला बसतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चांगला धष्टपुष्ट बैल. कालपर्यंत सरळ तास धरीत होता. आज मधेच बसला. तुतारी टोचली तरी उठत नाही. जाणता शेतकरी त्याला आळशी म्हणत नाही. तो जू उतरवतो आणि किती दिवस एकसारखे जुंपले होते, ते आठवतो.

माणसाचेही असेच होते. कोरोनाच्या साथीत ते पुष्कळ डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे झाले. याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. दिव्यातले तेल संपते आणि नुसती वात जळू लागते, तसे.

मार्च २०२० मध्ये देशात टाळेबंदी लागली. आपल्या वर्धा जिल्ह्यात पहिला रोगी सापडला तो मे महिन्यात. पुढे सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात आणि सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात कोरोनाचे वेगळे वॉर्ड झाले. सेवाग्रामचे डॉक्टर आपल्याला परके नाहीत, बरं का. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तिथे मेडिकल कॉलेज काढले. तिथली मुले शिकताना खेड्यात येऊन राहतात. एकेकाळी कित्येक गावांनी सुगीत ज्वारी गोळा करून या दवाखान्याच्या उपचाराची सोय केली होती. तेव्हा ही आपलीच माणसे.

त्या वॉर्डात जायचे तर डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकसारखा पोशाख घालावा लागे. हातात दोन दोन मोजे. डोळ्यांवर चष्मा, त्यावर वाफ धरायची. तो पोशाख चढवला की पाणी प्यायचे नाही, लघवीलाही जायचे नाही. पाळी संपेपर्यंत तसेच. आपल्याकडचा एप्रिल-मे कसा असतो, ते मी काय सांगू! पाळी संपली तरी पुष्कळांना घरी जाता येत नव्हते. आपल्यामुळे लेकराला, म्हाताऱ्या आईला रोग लागेल, ही भीती. ते वेगळे राहत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये शेजारच्या अमरावतीत साथ पुन्हा उसळली. एप्रिलपर्यंत खाटा भरल्या, ऑक्सिजन कमी पडू लागला. माझा धाकटा भाऊ तेव्हाच एका दवाखान्यात भरती झाला. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. मी फाटकाशी उभा होतो. एक तरुण डॉक्टर बाहेर आला. मी तीनदा विचारले, "भाऊ कसा आहे?" त्याने वर न बघता "बघू" म्हटले आणि निघून गेला. माझी भावजय म्हणाली, "डॉक्टर तर काही बोलूनच नाही राहिला." मला संताप आला. मी मुख्याध्यापक होतो, मोठ्याने बोलायची सवय. त्याला चारचौघांत वाटेल ते बोललो. माणुसकी नाही म्हणालो.

नंतर कळले ते सांगतो.

जागतिक आरोग्य संघटना ही साऱ्या देशांची मिळून आरोग्याचे काम पाहणारी संस्था. तिने साथीच्या आधीच, २०१९ साली, या थकव्याच्या खुणा सांगितल्या. ती याला रोग म्हणत नाही. कामाचा ताण फार दिवस साचला आणि त्याचा निचरा झाला नाही, की हे होते. पहिली खूण, अंगातले बळच सरते. दुसरी, मन कामापासून तुटते, माणूस कोरडा होतो. तिसरी, आपल्या हातून नीट काम होत नाही असे वाटू लागते. दुसरी खूण वाचली तेव्हा मला तो "बघू" आठवला.

माझा एक विद्यार्थी त्या काळात डॉक्टर होता. तो म्हणाला, "सर, शेवटी शेवटी रडूच येईना. माणूस गेला की कागद भरायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचं. घरच्यांना सांगायला बाहेर जायचं, तेच सगळ्यांत जड." झोप लागते का, विचारले. तो नुसता हसला.

अशा माणसाला धीर धर म्हणून भागत नाही. हात वाढवावे लागतात. पाळ्या लहान कराव्या लागतात, मधे सुट्टी द्यावी लागते, जवळच्या कोणाशी मन मोकळे करू द्यावे लागते. एका रात्रीच्या झोपेने हे भरून येत नाही. पण डॉक्टरच कमी असले तर सुट्टी कोण देणार? त्यातच कुठे कुठे नातेवाइकांनी डॉक्टरांना मारले. २०२० साली सरकारला त्यासाठी कायदा कडक करावा लागला. मारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. मी हात उचलला नाही. पण माझी जीभ काही कमी नव्हती.

भाऊ बरा होऊन घरी आला. त्या डॉक्टरला भेटावे म्हणून मी दोनदा त्या दवाखान्यात गेलो. पहिल्यांदा कळले, तो लांब सुट्टीवर आहे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने ती नोकरी सोडली होती.