गुणसूत्रातील हरवलेला तुकडा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या शास्त्रीय विषयावर लिहावे, अशी चिटणिसांची सूचना आली. विषय शोधण्यासाठी आम्हांला ग्रंथालयात जावे लागले नाही. गेली वीस वर्षे आम्ही मुलांना जीवशास्त्र शिकवीत आहो. परंतु त्या शास्त्राचे एक प्रकरण आम्हांला शाळेच्या पडवीत, एका दीड वर्षाच्या मुलाच्या डोळ्यांत वाचावयास मिळाले.

आमच्या पाचवीच्या वर्गातील एका मुलीला न्यावयास तिची आजी व आई येत. आजीच्या कडेवर मुलीचा धाकटा भाऊ असे. पडवीच्या सावलीतून उन्हात येताच ते पोर डोळे गच्च मिटून आजीच्या खांद्यात तोंड खुपशी. एके दिवशी आम्ही त्याला जवळून पाहिले. डोळे काळेभोर, टपोरे. पण बाहुलीभोवती आपल्या सर्वांच्या डोळ्यांत जे तपकिरी कडे असते ते नव्हतेच. जणू सगळे बुबुळ म्हणजे एकच मोठी बाहुली. नजरही स्थिर नव्हती, सारखी थरथरत होती. आम्ही चौकशी केली तेव्हा आजी म्हणाली, "मास्तर, पोटुशी असताना गिराणात इळी हातात धरली हिनं. दुसरं काय?" सून चार पावलांवर उभी होती. तिने मान खाली घातली. तिच्यावरचा हा आळ कितपत खरा, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

बाहुलीभोवतीचे रंगीत कडे म्हणजे एक पडदा होय. ऊन वाढले की तो पसरतो आणि बाहुली लहान होते; अंधारात तो आक्रसतो आणि बाहुली मोठी होते. काही मुलांत हा पडदा जन्मतःच जवळजवळ नसतो. ह्या दोषाला डॉक्टर 'अ‍ॅनिरिडिया' म्हणतात. साधारण चाळीस हजार ते एक लाख मुलांत एखाद्याला तो असतो. खिडकीला पडदा नसावा तसा सगळा प्रकाश आत घुसतो, म्हणून मूल उन्हात डोळे मिटते. येथवर ही गोष्ट केवळ डोळ्यांची वाटते. परंतु अशा काही मुलांच्या पोटात, मूत्रपिंडावर, कर्करोगाची गाठ वाढण्याचा धोका असतो, हे कळले म्हणजे वाचकांस नवल वाटेल. डोळा कोठे आणि मूत्रपिंड कोठे! ह्या दोहोंस जोडणारा दुवा गुणसूत्रात आहे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे, आणि बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रात ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून व एक बापाकडून येते. ही संख्या ४६ आहे हे देखील फार जुने ज्ञान नव्हे. १९५६ सालापर्यंत पाठ्यपुस्तकांतून ४८ हाच आकडा छापीत. त्या साली स्वीडनमधील लुंड येथे काम करणाऱ्या जो हिन चियो आणि अल्बर्ट लेव्हान ह्या दोघांनी गुणसूत्रे नीट पसरून मोजली, आणि ४६ ही संख्या सिद्ध केली. एकदा मोजता येऊ लागल्यावर कमीजास्त काय आहे तेही दिसू लागले. १९५९ साली पॅरिसमध्ये झेरोम लझन, मार्त गोतिए व रेमों त्युर्पॅं ह्यांनी डाऊन लक्षणसमूहाच्या मुलांत एक गुणसूत्र जादा असल्याचे दाखविले. १९६३ साली लझन ह्यांनीच, मांजराच्या पिलासारखे रडणाऱ्या काही अर्भकांत पाचव्या गुणसूत्राच्या टोकाचा तुकडा गळालेला असल्याचे सांगितले. त्याच वर्षी लेले, पेनरोज व स्टॅलर्ड ह्या तिघांनी, डोळ्याच्या आतील पडद्यावर कर्करोगाची गाठ झालेल्या एका रुग्णाच्या एका गुणसूत्राचा तुकडा नाहीसा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. ह्यांतील पहिले आडनाव आपल्या वाचकांस परके वाटणार नाही.

मूत्रपिंडाच्या ज्या गाठीविषयी आपण बोलत आहो तिला 'विल्म्सची गाठ' म्हणतात. मॅक्स विल्म्स ह्या जर्मन शल्यविशारदाने १८९९ साली तिचे सविस्तर वर्णन केले. ही गाठ प्रामुख्याने लहान मुलांत होते. १९६४ साली अमेरिकेतील रॉबर्ट मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी गाठ झालेल्या ४४० मुलांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्यांपैकी सहा मुलांत डोळ्यांचा रंगीत पडदा नसल्याचे आढळले. जो दोष हजारो मुलांत एखाद्यास असावयाचा, तो साडेचारशेहून कमी मुलांत सहांना! हा योगायोग असणे शक्य नव्हते. पुढे १९७० च्या सुमारास गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटविण्याची रीत निघाली, त्यामुळे कोणत्या गुणसूत्राचा कोणता भाग नाही हे सांगता येऊ लागले. आणि १९७८ साली ह्या मुलांच्या अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचा मधलाच एक तुकडा गळालेला असतो, हे कळून आले.

त्या तुकड्यात दोन महत्त्वाची जनुके शेजारी शेजारी असतात. मूत्रपिंडाची घडण व वाढ सांभाळणाऱ्या जनुकाचा शोध १९९० साली लागला. त्याला 'डब्ल्यूटी-१' म्हणतात. डोळा घडविणारे 'पॅक्स-६' त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९१ साली, सापडले. डोळा व मूत्रपिंड शरीरात एकमेकांपासून दूर असली, तरी त्यांचे हे आराखडे गुणसूत्रात एका आळीत राहतात. आळीतील एकच घर पडले तर एकाचेच नुकसान होते. सबंध रांग वाहून गेली तर सर्वांचेच होते. तुकडा जितका मोठा तितकी अधिक जनुके त्याबरोबर जातात. म्हणून अशा काही मुलांत जननेंद्रियांची घडण अपुरी राहते, मुलग्यांत अंडकोश जागी उतरलेले नसतात, आणि बुद्धीची व चालण्याबोलण्याची वाढ कमीअधिक मंदावते. ह्या सर्वांस मिळून 'वॅगर' लक्षणसमूह असे नाव आहे. तो फार विरळा आहे. पाच ते दहा लाख जन्मांत एखादा, असा अंदाज सांगतात.

येथे एक शंका वर्गातील हुशार मुले नेहमी काढतात. गुणसूत्रांची जोडी असते. एकाचा तुकडा गेला तरी दुसरे धड आहे ना? मग बिघडते का? आणि डोळ्याचा दोष जन्मतः दिसतो, पण गाठ काही मुलांनाच व पुढे केव्हातरी होते, हे कसे? ह्याचे उत्तर आम्ही दोन दाखल्यांनी देतो.

डोळ्याचे जनुक म्हणजे औताची बैलजोडी. एक बैल गेला तर दुसरा कितीही धट्टाकट्टा असला तरी औत चालत नाही. डोळा घडताना दोन्ही प्रतींचे काम पुरेपूर लागते. एकीने भागत नाही, म्हणून दोष जन्मतःच दिसतो. मूत्रपिंडाचे जनुक मात्र गाठीच्या बाबतीत वेशीवरच्या दोन पहारेकऱ्यांसारखे आहे. एक नसला तरी दुसरा जागा असेतोवर चोर आत येत नाही. परंतु लाखो पेशींपैकी एखाद्या पेशीत पुढे दुसराही निकामी झाला, की त्या पेशीच्या वाढीला आवर राहत नाही आणि गाठ वाढू लागते. इतर मुलांत दोन्ही पहारेकरी एकाच पेशीत पडावे लागतात, म्हणून गाठ क्वचित होते; ह्या मुलांत प्रत्येक पेशीतील एक पहारेकरी जन्मापासूनच नाही, म्हणून सुमारे निम्म्या मुलांत ती होते. हा दुहेरी आघाताचा विचार अमेरिकेतील आल्फ्रेड नड्सन ह्यांनी १९७१ साली, डोळ्यातील गाठीच्या ४८ रुग्णांचा अभ्यास करून मांडला, आणि कर्करोगाच्या शास्त्रात तो पायाभूत ठरला.

आता आजीच्या विळीकडे वळू. हा तुकडा गळतो तो बहुतेक वेळा आईबापांच्या बीजपेशी तयार होत असताना. त्या वेळी जोडीतील गुणसूत्रे एकमेकांशेजारी येऊन आपले भाग अदलाबदल करतात. त्या तुटण्याजोडण्यात क्वचित एखादा तुकडा मध्येच राहून जातो. म्हणजे गर्भ राहण्यापूर्वीच ही गोष्ट घडून गेलेली असते. त्यानंतर आईने ग्रहणात विळी धरली काय, भाजी चिरली काय, पपई खाल्ली काय, ह्या दोषाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. इतकेच नव्हे, तर ज्या मुलांची ह्या दृष्टीने पाहणी झाली त्यांपैकी बहुसंख्य मुलांत तुकडा गळाला होता तो बापाकडून आलेल्या गुणसूत्रातून! अर्थात ह्यावरून बापाला बोल लावणेही तितकेच चुकीचे होय. हा अपघात आहे. त्यात कोणाचे पाप नाही आणि कोणाची हयगय नाही.

नात्यातील लग्नाविषयीही येथे सांगितले पाहिजे. आमच्या मुसलमान समाजात चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात. आमच्या सीमाभागातील पुष्कळ हिंदू घरांतून मामाची मुलगी करण्याची रीत आहे. जवळच्या नात्यातील लग्नांमुळे काही आनुवंशिक रोग वाढतात हे खरे आहे, आणि त्याचा विचार लग्नापूर्वीच करावा हे आम्ही आग्रहाने सांगतो. परंतु आईबापांकडून एकेक दूषित प्रत येऊन होणारे ते रोग वेगळे, आणि नव्याने तुकडा गळून होणारा हा दोष वेगळा. अशा मुलाच्या आईबापांस नात्याचे टोमणे मारणे हे अज्ञानाचे लक्षण आहे. पुढच्या अपत्यात हा दोष पुन्हा येण्याचा संभवही बहुधा फारच थोडा असतो. क्वचित आईच्या किंवा बापाच्या गुणसूत्रांत तुकड्यांची जागाबदल झालेली असते, म्हणून दोघांचीही तपासणी करून घ्यावी, एवढेच.

तपासणीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. रंगीत पडदा नसलेल्या प्रत्येक मुलाला गाठ होते असे मुळीच नाही. अशी पुष्कळ मुले असतात की ज्यांच्या आईला किंवा बापाला तोच दोष असतो. त्यांच्यात बहुधा फक्त डोळ्याच्या जनुकातच चूक असते, शेजारचे जनुक शाबूत असते. घरात दुसऱ्या कोणाला दोष नसताना एखादेच मूल असे जन्मले, तर मात्र रक्ताची तपासणी अवश्य करावी. तुकडा फार लहान असला तर सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे ठाकठीक दिसतात. म्हणून 'मायक्रोअ‍ॅरे' नावाची बारीक तपासणी करतात. मूत्रपिंडाचे जनुक जागेवर आहे असे ठरले, तर आईबापांची मोठी चिंता मिटते. ते नसले, तर मूल सुमारे आठ वर्षांचे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावयाची. ह्या तपासणीत दुखत नाही, टोचत नाही. गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रिया व औषधे ह्यांनी बहुतेक मुले बरी होतात. विल्म्सच्या काळी ही गाठ म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता. आज सुसज्ज रुग्णालयांतून सुमारे नव्वद टक्के मुले वाचतात. मात्र वॅगरच्या मुलांची मूत्रपिंडे पुढे मोठेपणीही दुबळी होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांची गाठ कायमची सोडू नये.

त्या मुलाच्या घरी आम्ही गेलो आणि हेच सर्व साध्या शब्दांत सांगितले. गावातील एका डॉक्टरांनी "मोठा झाला की निवळेल" म्हणून डोळ्यांत घालावयास थेंब दिले होते. ट्रस्टच्या वैद्यकीय निधीतून प्रवासाचा व तपासणीचा खर्च मिळाला, आणि शहरातील नेत्रतज्ज्ञांनी रक्त तपासावयास पाठविले. तुकडा गळालेला होता. दर तीन महिन्यांची फेरी सुरू झाली. दोनदा काही निघाले नाही. तेव्हा घरात "उगीच पैसा व रोज बुडतो" अशी कुरकूर झाली. आईने मात्र तारीख चुकविली नाही. तिसऱ्या खेपेस डाव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ दिसली. बाहेरून पोट चाचपून ती कोणालाही लागली नसती. शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने औषधे चालली, डोक्यावरचे केस गेले व पुन्हा आले. आज तो मुलगा आमच्याच शाळेत दुसरीत आहे. काळा चष्मा लावून पहिल्या बाकावर बसतो, मोठ्या अक्षरांतले पुस्तक वाचतो, हिशेबात मागे आहे, आणि मधल्या सुट्टीत सर्वांत मोठ्याने ओरडतो. आजी आता विळीचे नाव काढीत नाही. सुनेची क्षमा तिने शब्दांनी मागितली की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. पण सोनोग्राफीच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नातीकडून लिहवून घेण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे.

ट्रस्टच्या सभासदांस व माताभगिनींस आमची दोनच मागणी आहेत. पहिली ही की, मुलाच्या डोळ्याला रंगीत कडे नसेल, ते उजेडात डोळे उघडीत नसेल, किंवा छायाचित्रात बाहुलीवर पांढरी झाक दिसत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत, नेत्रतज्ज्ञास दाखवावे. पांढरी झाक ही डोळ्यातील गाठीची खूण असू शकते, आणि तीही वेळीच कळली तर मूल वाचते. सरकारने २०१३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांच्या जन्मजात व्यंगांची तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा.

दुसरी मागणी ह्याहून सोपी, तिला पैसाही लागत नाही. व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलाच्या घरी गेल्यावर "पोटुशी असताना काय केलं होतंस?" हा प्रश्न आईला विचारू नये. तपासणीला तिच्याबरोबर कोणी जाणारे आहे का, हे विचारावे. ट्रस्टने पन्नास वर्षे फी, पुस्तके आणि औषधे पुरविली. पुढील पन्नास वर्षांत हा एक बदल आपण सर्वांनी मिळून घडवून आणला, तर महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.