शिवणीतली माया

पंधरावा रोजा उलटला की आमच्या गल्लीतल्या टेलरच्या दुकानावर पाटी लागते, 'ईदच्या ऑर्डरी बंद'. तरी इफ्तारनंतर तिथे गर्दी असतेच. कुणी बाही आखूड झाल्याची तक्रार घेऊन येतो, कुणी 'एवढा एकच कुर्ता घ्या चाचा' म्हणून अजिजी करतो. चाचा मान वर न करता मशीन मारत राहतात. चाँदरातीला, म्हणजे चंद्र दिसल्यापासून ईदच्या पहाटेपर्यंत, त्यांच्या दुकानातला दिवा काही मालवत नाही.

लहानपणी आम्हाला ही पाटी वाचावी लागली नाही. ईदचे कपडे अम्मी शिवायची. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून त्या गावाच्या कानात मागाचा खडखडाट आहे. माझे अब्बाही मागावर होते. रमजान लागण्याआधी ते पॉपलिनचा एक तागा आणायचे. विणीत कुठेतरी दोष राहिलेला, म्हणून स्वस्तात मिळालेला. अम्मी तो रात्रभर पाण्यात भिजत घालायची. सुती कापड आधी आटवून घेतले नाही, तर पहिल्याच धुण्यात थोरल्याचा कुर्ता धाकट्याचा होतो. मग दोषाच्या जागी खडूची खूण करून ती जागा बगलेत किंवा दुमडीत कशी जाईल, याचा बेत चालायचा. दोन-दोन दिवस कापड नुसते चटईवर पसरलेले असे. कात्री फार उशिरा यायची.

कळीदार कुर्ता बघायला डौलदार, पण कापला जातो चौकोन आणि त्रिकोणांत. पुढचा-मागचा सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना कळ्या आणि काखेत चौबगला नावाचा छोटा चौकोनी तुकडा. हा चौबगला असला की हात वर केला तरी कुर्ता ओढला जात नाही, सजद्यात वाकताना काखेत उसवत नाही. कापड वाया जवळजवळ जातच नाही. जे तुकडे उरत, त्यांच्या टोप्या व्हायच्या, ईदी ठेवायचे बटवे व्हायचे. अगदीच चिंचोळी पट्टी उरली, तर तिचा इजारबंद, म्हणजे पायजम्याची नाडी.

हे सगळे अम्मीला शिकवले शेजारच्या काकूंनी. त्या नामदेव शिंपी समाजाच्या. सुई-दोऱ्याचा विषय निघाला की काकू संत नामदेवांचे नाव घ्यायच्या आणि अम्मी हजरत इद्रीस यांचे, कारण पहिले कपडे त्यांनी शिवले असे आमच्याकडचे दर्जी मानतात. यावर दोघींचा लटका वाद चालायचा. सुई मात्र एकच, आणि ती काकूंची. दिवाळीला काकूंच्या नातीचे परकर-पोलके अम्मीच्या हातून शिवून जायचे आणि त्याचे पैसे घेण्यावरून पुन्हा एक वाद व्हायचा.

काकूंकडूनच अम्मी 'माया' हा शब्द शिकली. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला मराठीत माया म्हणतात. आम्ही घरात त्याला दाब म्हणायचो. पण अम्मीला काकूंचा शब्द इतका आवडला, की आमच्या दखनीतही तो कायमचा येऊन बसला. मुलांच्या कपड्यांत ती भरपूर माया ठेवायची. पुढच्या वर्षी शिवण उसवली, की कुर्ता एक बोट रुंद आणि दोन बोटे लांब.

आता जरा अवघड गोष्ट. त्या एका ताग्यात आम्हा तीन भावंडांचे कपडे व्हायचे, आणि मागच्या खोलीत राहणाऱ्या दोन मुलींचेही. त्यांची आई कांड्या भरायला जायची, वडील नव्हते. मी दहा वर्षांची होते त्या ईदेला पिस्ता रंगाचा तागा आला होता. सकाळी मी फ्रॉक घालून बाहेर आले, तर समोर थोरली मुलगी उभी. तोच रंग, तीच गळ्याची पट्टी, तीच लेस. मी घरात जाऊन रडले. पुढच्या वर्षी हट्ट करून बाजारातून रेडिमेड फ्रॉक घेतला, नायलॉनचा, कंबरेला मोठा बो असलेला. त्या ईदेचा फोटो आहे. चार मुले एकाच रंगात खेटून उभी आहेत आणि मी हातभर बाजूला.

अम्मी तेव्हा काही बोलली नाही. पुढे कॉलेजात असताना मी विचारले, वेगळे कापड का नाही आणलेस त्यांच्यासाठी? ती म्हणाली, "जकात का कपडा दूर से पैचानता।" रमजानमध्ये बाजारातून फिरताना हे मला आजही दिसते. काही दुकानांत जकातीच्या साड्यांचे गठ्ठे वेगळे रचलेले असतात, स्वस्त आणि एकसारखे. देणाऱ्याची नियत चांगली असते, पण घेणारीला ती साडी नेसून गल्लीतून जायचे असते. अम्मीच्या कपड्यात कोण देणारे आणि कोण घेणारे, हे कळायला जागाच नव्हती. मी मात्र तीच जागा मागत होते.

वर्गात प्रेमचंदांची 'ईदगाह' शिकवते, तेव्हा विद्यार्थ्यांना हामिदचा चिमटा हमखास आठवतो. ज्या आठ आण्यांवर आजी अमीनाने ईदची भिस्त ठेवली होती, ते तिला दुसऱ्याचे कपडे शिवून मिळाले होते, हे क्वचितच कुणाच्या लक्षात राहते. मीही बरीच वर्षे त्या ओळीवरून तशीच पुढे जायचे.

यंदा अम्मीला सुई ओवता येत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, पण हात कापतो. म्हणून या रमजानमध्ये मी शिवायला बसले. ज्यांना पहिल्यांदाच करून बघायचे आहे, त्यांना एवढेच सांगते, की कुर्त्यापासून सुरुवात करू नका. बटवा शिवा. वीतभर कापड, त्याला आतून जुन्या ओढणीचे अस्तर, वर नाडीची दुमड. एका संध्याकाळी होतो आणि ईदीची कोरी नोट त्यात घालून दिली, की मूल आधी बटवा बघते. माझे पहिले दोन बटवे तिरके झाले. ते भाच्यांनी विनातक्रार घेतले.

मग धीर करून अम्मीचाच कुर्ता कापायला घेतला. मापांची तिची वही काढली. उर्दूत लिहिलेली नावे, पुढे इंच. माझ्या पानासमोरच मागच्या खोलीतल्या थोरलीचे पान आहे. माझी मापे मी बारावीत गेल्यावर थांबतात. तिची तिच्या लग्नापर्यंत चालू आहेत, शेवटी शालूवरच्या ब्लाउजचे माप आणि खाली दोनदा ओढलेली रेघ.

अम्मीचे स्वतःचे माप वहीत एकदाच आहे, खांदा साडेचौदा. मी टेप लावली, तर तेरा भरला. पुन्हा लावली. तेराच. मी काही न बोलता लिहून घेतले आणि विचारले, "अम्मी, माया कित्ती छोडू?"

"दो इंच छोड," ती म्हणाली. "बाद में तेरे कू होता।"