वदंतेतील ‘म्हणे’

एखादी तरुणी गावातून नाहीशी झाली, की सातारा-सांगलीकडील बोलण्यात ‘पळून गेली म्हणे’ (ग्रामीण उच्चार ‘म्हनं’) हे वाक्य पुष्कळदा ऐकू येते. त्याचे दोन घटक विचारणीय आहेत. ‘पळून जाणे’ या क्रियेची कर्ती ती तरुणीच ठरते. अर्थात चौकशीपूर्वीच तिच्या इच्छेचा निर्णय होऊन जातो. ‘म्हणे’ हे मूळचे ‘म्हण’ धातूचे रूप येथे अव्ययवत् झाले आहे. ‘तुका म्हणे’ यात वक्ता नामनिर्दिष्ट असतो. वदंतेच्या ‘म्हणे’ला कर्ताच नाही. म्हणून विधानाची जबाबदारी कोणावरही येत नाही.

याउलट ‘बेपत्ता’ हे फारसी उपसर्गाने साधलेले विशेषण ठावठिकाणा ज्ञात नाही, एवढेच सांगते.

वाईजवळील धोम येथे ऑगस्ट २०१६ मध्ये पुरलेले मृतदेह उकरून काढण्यात आले. २००३ पासून सहा जणांचे खून झाल्याचा पोलिसांचा आरोप होता; त्यांत पाच स्त्रिया होत्या. पहिली बेपत्ता झाल्यास तेव्हा तेरा वर्षे लोटली होती. ‘ती कोठे आहे?’ हा प्रश्न ‘बेपत्ता’ जागता ठेवतो. ‘पळून गेली म्हणे’ तो मिटवून टाकते. शब्दनिवडीचा हा भेद केवळ शैलीचा नव्हे.