जनुक बदललेला मासा आणि नदीचें पाणी

हिंगोली शहराजवळून वाहणारी कयाधू पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, आणि वर्धेचें पाणी प्राणहितेवाटे गोदावरींत जातें. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाची पूर्णाही सिद्धेश्वर धरणांतून सुटून खालीं त्याच गोदावरीस भेटते. सबब एखाद्या शेततळ्याचा बांध श्रावणांत फुटला, तर त्यांतील मासा किती दूर जाईल हें सांगतां येत नाहीं. आणि गेलेला मासा परत बोलावतां येत नाहीं, हें भोई मंडळींस कोणी शिकवावयास नको. 1952 सालीं भारतांत आणलेली चिलापी आज आपल्या नद्यांतून घर करून बसली आहे.

जनुक बदललेल्या माशाचा प्रश्न येथूनच समजून घ्यावा लागतो. जनुक म्हणजे प्राण्याची वाढ, रंग व ठेवण ठरविणारी, बीजांतच लिहिलेली आज्ञा. अमेरिकेंत 2015 सालीं ज्या सामन माशास खाद्य म्हणून परवानगी मिळाली, त्यांत दुसऱ्या जातीच्या सामनाचें वाढीचें जनुक घातलेलें होतें, आणि तें बारमाही जागें ठेवणारी कळ तिसऱ्याच एका माशाची होती. मासा झपाट्यानें वाढे. परंतु अट अशी कीं, सर्व मासे माद्याच, त्याही वांझ, आणि हौद जमिनीवरचे, बंदिस्त. (त्या कंपनीनें 2024 च्या अखेरीस हा उद्योग गुंडाळला.) शोभेच्या माशांबाबत इतकी काळजी कोणी घेतली नाहीं. चकाकणारा झेब्रा मासा सिंगापुरांत तयार झाला आणि 2003 च्या अखेरीस अमेरिकेंत विक्रीस निघाला. पुढें ब्राझीलमध्यें, विक्रीस बंदी असतांही, तो मत्स्यशाळांतून निसटून ओढ्यांत वीण घालीत असल्याचें शास्त्रज्ञांनीं 2022 सालीं प्रसिद्ध केलें. या झेब्र्याचे पूर्वज मूळचे भारतांतील ओढ्यांचेच. येथें त्यास सोयरीक शोधीत हिंडावें लागणार नाहीं.

आपल्याकडे कायदा नाहीं असें मात्र नव्हे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं 1989 सालीं झालेल्या नियमांप्रमाणें असा जीव केंद्रीय समितीच्या मंजुरीवांचून आणतां, विकतां वा पाण्यांत सोडतां येत नाहीं. एवढेंच नव्हे, तर त्यांवर देखरेख करण्यास प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालीं समिती असावी, असेंही त्यांत लिहिलें आहे. ही तरतूद किती जणांस ठाऊक असेल?

कागदावरील मनाई पाण्यापर्यंत कशी पोहोंचत नाहीं, हें थाई मांगुरानें दाखविलें आहे. हा आफ्रिकी वंशाचा मासा खादाड. लहान मासे फस्त करणारा. केंद्र सरकारनें 2000 सालीं त्यास बंदी केली. तरीही 2020 च्या आरंभीं महाराष्ट्रांत निरनिराळ्या तळ्यांतून सुमारें 32 टन मांगूर काढून नष्ट करावा लागला. वीस वर्षें तो कोणीतरी विकला, कोणीतरी घेतला. वस्तुतः बाहेरून आलेला प्रत्येक मासा शत्रूच असतो असें नाहीं. आपण आवडीनें खातों तो रोहू गंगेकडचाच. पण मांगूर निदान मिशांवरून, डोक्यावरून ओळखतां येतो. वाढीचें जनुक घातलेली बोटुकली साध्या बोटुकलीहून डोळ्यांस निराळी दिसत नाहीं. तिची परीक्षा प्रयोगशाळेंतच व्हावयाची. बांधावर उभ्या शेतकऱ्यानें ती कशी करावी?

म्हणून पहारा नदीवर नव्हे, तर मत्स्यबीज विकलें जातें तेथें हवा. पिशवीबरोबर येणाऱ्या पावतीवर माशाची जात, बीज तयार करणाऱ्या केंद्राचें नांव आणि तारीख असावी. हीं तीन नांवनिशाण्यांची अक्षरें नसतील तर पिशवी परत करावी. जलाशय ठेक्यानें घेणाऱ्या मच्छीमार संस्थांनीं तर ही पावती दप्तरीं ठेवावीच, कारण ठेका संपला तरी मासा तेथेंच राहतो.